खोकला अंगावर काढू नका

गावात कुणी महिनाभर खोकत असतो, संध्याकाळी कणकण येते, सदरा सैल होऊ लागतो, आणि घरचे म्हणतात, "हवा बदललीय, दुसरं काय!" रुग्णालयात येणाऱ्या प्रौढ क्षयरोग्यांची हकीकत बहुधा अशीच सुरू होते. त्यांत पुरुष अधिक. रोग बहुतेकदा फुप्फुसाच्या वरच्या भागात घर करतो. मधुमेह असला तर खालच्या भागातही आढळतो, मग न्यूमोनिया समजण्यात दिवस जातात.

पूर्वी रोग्याला दूर आरोग्यधामात धाडीत. मद्रासच्या केंद्राने १९५६ पासून काही रोग्यांना घरी, काहींना आरोग्यधामात औषधे दिली. १९५९ साली दिसले, की गुण जवळजवळ सारखाच आला आणि घरच्यांना बाधाही अधिक झाली नाही. मग औषध घेणाऱ्याला वाळीत का टाकावे?

मात्र दोन महिन्यांत बरे वाटते, माणूस गोळ्या सोडतो, आणि तिथेच घात होतो. जंतू औषधाला दाद देईनासे होतात. साधारण सहा महिन्यांचा उपचार पुराच करावा.

गुरुजी, दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला कानी आला, की थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवा. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. तुमचा शब्द गावात मानला जातो.