आधी बॅटरी, मग स्कॅनर



मेकॅनिक-वायरमन मित्रांनो, अध्यक्ष म्हणून संयोजकांनी मला आपल्या व्यवसायाचा आढावा घ्यायला सांगितलं आहे. काल कार्ब्युरेटर होता, २०२०च्या एप्रिलपासून बीएस-सहा आहे, उद्या विजेवरच्या गाड्या असतील. झाला आढावा. उरलेला वेळ मी एकाच गोष्टीवर घेणार आहे. बऱ्याच वर्षांपासून ती मनात आहे, आणि पुढच्या रांगांना ती झोंबणार आहे.

आपण स्कॅनरवर लाखभर रुपये घालतो, अपडेटचे पैसे मुकाट भरतो, आणि मॉड्यूल प्रोग्राम करताना गाडी तिच्या दमलेल्या बॅटरीच्या भरवशावर सोडतो. या प्रोग्रामिंगमध्ये, म्हणजे फ्लॅशिंगमध्ये, आधी जुना प्रोग्राम पुसला जातो, मग नवा लिहिला जातो. मधल्या वेळात ईसीएम, म्हणजे इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल, कोरा असतो. तेवढ्यात व्होल्टेज पडलं तर गाडी सुरू होत नाही आणि बऱ्याचदा स्कॅनरलाही दाद देत नाही. मग आपण गिऱ्हाइकाला सांगतो, "ईसीएम आधीपासूनच वीक होता." हे धादांत खोटं आहे, आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक आहे.

सकाळच्या सत्रात एका मित्राने तावातावाने विचारलं, बॅटरी नवी असेल तर फ्लॅशिंगच्या वेळी बाहेरून वेगळा सप्लाय जोडायचा कशाला? माझ्याकडे एक डिझेल एसयूव्ही आली होती. बॅटरी नवीकोरी, १२.६ व्होल्ट दाखवणारी. सप्लायच्या वायरीवर मी पोराला क्लॅम्प मीटर धरायला लावला. ईसीएमने ताबा सोडताच रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला आणि आकडा चाळीस अँपिअरच्या घरात गेला. आता हिशेब करा. अर्धा तास म्हणजे वीस अँपिअर-तास, आणि बॅटरी होती पासष्टची. इंजिन बंदच ठेवायचं असतं, म्हणजे अल्टरनेटर काही कामाचा नाही.

दुसरा पक्ष म्हणाला, मग साधा चार्जर लावू. एका गॅरेजमध्ये फ्लॅश पुन्हा पुन्हा तुटत होता, म्हणून मला बोलावलं. चार्जर चालूच होता. ऑसिलोस्कोप लावला तर सरळ दिसायला हवी ती रेषा करवतीच्या पात्यासारखी. जुनी बॅटरी असले चढउतार शोषून घेत नाही. शिवाय असे काही चार्जर पंधरा व्होल्टच्या वर जातात, हे वेगळंच. चार्जर आणि प्रोग्रामिंगचा स्थिर सप्लाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साडेतेरा व्होल्टच्या आसपास न हलता उभा राहील आणि पन्नास-सत्तर अँपिअर पेलेल, असाच सप्लाय घ्या. दुसऱ्या गाडीवरून जंपर देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

सप्लाय जोडताना बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तिथे क्लॅम्प टर्मिनलला नको, बॉडीच्या अर्थला लावा. हेडलाइट, ब्लोअर बंद. आमच्या भागात गुरुवारी वीज जाते, म्हणून गुरुवारी मी फ्लॅशिंग घेत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं, माझा उपास असतो.

प्रोग्रामिंगच कशाला, साध्या तपासणीतही हेच. इग्निशन ऑन ठेवून तासभर स्कॅनर चालवला की व्होल्टेज घसरतं, आणि मग यू०१०० सारखे संपर्क तुटल्याचे कोड उगवतात. त्या कोडांवर विसंबून धडधाकट मॉड्यूल बदललेले मी पाहिले आहेत. पैसे अर्थातच गिऱ्हाइकाचे.

जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यशाळा घ्याव्यात, तीन-चार गॅरेजनी मिळून एक सप्लाय घेण्याची काही सोय करावी, असं माझ्या मनात आहे. ते कसं, कधी, ते आपली कार्यकारिणी बसून ठरवील.

तुमच्याकडे मात्र एकच मागणं आहे. बिलात बॅटरी सप्लायची ओळ वेगळी लिहा आणि तिचे पैसे न लाजता मागा. गिऱ्हाईक नाही म्हणालं, तर गाडी फ्लॅश न करता परत द्या.