पाणी कुठवर आलं होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा अमेरिकेत, डेन्व्हरला असतो. कॉम्प्युटरवरचं काम कुठूनही करायची मुभा त्याला मिळाली, आणि मग एवढ्या मोठ्या शहरात राहायचं कशाला, असा प्रश्न त्याला पडला. त्याला नाद दोन. एक होडीचा आणि दुसरा रोडिओचा. रोडिओ म्हणजे उधळणाऱ्या बैलाच्या पाठीवर एक हात मोकळा ठेवून आठ सेकंद टिकून दाखवायचं. हा स्वतः बसत नाही, नुसता बघतो, एवढं आमचं नशीब. त्यानं तिकडच्या पश्चिमेकडची पाच गावं निवडली, कागदावर रकाने पाडले, तळं किती लांब, रोडिओ किती दिवस, घरभाडं किती असे गुण दिले आणि तो कागद मला पाठवला. पहिला नंबर वायोमिंग राज्यातल्या कोडी नावाच्या गावाचा. बफेलो बिल नावाच्या गड्यानं १८९६ साली वसवलेलं गाव. उन्हाळ्यात तिथं रोज रात्री रोडिओ असतो आणि गावाच्या पश्चिमेला धरणाचं मोठं तळं आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘मामू, तुम्ही काय म्हणता?’

मी काय म्हणणार? मी साताऱ्याला पोस्टात नोकरी केली, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि त्याच सुमाराला स्वतःसाठी गाव शोधत होतो. साताऱ्यातलं घर भाड्याचं. मुलगा पुण्याला. बायकोचं म्हणणं, आता कुठंतरी एकदाचं बूड टेकू या. भाच्याचा कागद बघून मला वाटलं, ही पद्धत बरी आहे. नाद म्हणाल तर माझेही तेच, पाणी आणि बैल. मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर रकाने पाडले. कृष्णेच्या काठानं वाईपासून सांगलीपर्यंत खाली यायचं, आणि जिथं होडी आहे आणि बैल पळतो, तिथं राहायचं.

बैलाचं आधी सांगतो. आमचं घराणं नालबंदाचं. भाचा ज्या बैलाच्या पाठीचं कौतुक करतो, त्याच्या पायाशी आमच्या पिढ्या बसल्या. बैलाचे पाय दोरानं बांधून त्याला आडवा पाडायचा, खूर तासायचा आणि पत्री मारायची. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ पत्र्या. खिळा जरा आत गेला तर बैल लंगडतो आणि मालक वर्षभर तोंड बघत नाही. अब्बांना बैलाचं तोंड बघायची गरजच पडत नसे. ते खूर हातात घेत आणि म्हणत, ह्याला परवा पळवलाय, आणि मारून पळवलाय. मालक खाली बघायचा.

म्हणून २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो. विजेचा झटका देणं, शेपटी चावणं, टोकदार खिळा टोचणं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नंतरची वर्षंही पाहिली. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात खिलार खोंड म्हणजे घरातली चालती-बोलती ठेव. नांगर ट्रॅक्टरनं नेला, शर्यत कोर्टानं थांबवली, मग त्या खोंडाला वैरण घालायची कशासाठी? ज्या दावणीला तीन जनावरं होती तिथं एक राहिलं. २०१७ साली राज्यानं कायदा केला, तो हायकोर्टात अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा योग्य ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, काठी-चाबूक चालत नाही. नियम कागदावर चांगले आहेत. मैदानात ते पाळले जातात का, हे खूर सांगेल. अब्बा आता नाहीत.

आणि एक. पुण्याकडच्या घाटात चार बैल जुंपतात, पुढं घोडी पळते आणि घड्याळ लावतात. आपल्या सातारा-सांगलीकडं हलका छकडा, दोन बैल, शेजारी शेजारी गाड्या, आणि गट, सेमी, फायनल. दात न लावलेल्या खोंडांचं ‘आदत’चं मैदान वेगळं. भाच्याला मी एवढंच कळवलं की तुमच्या रोडिओत माणूस आणि बैल एकमेकांच्या विरुद्ध असतात, आमच्याकडं दोघं एका बाजूला असतात. निदान असावेत.

तर गावं. साताऱ्याला पहिल्यांदा काट मारली. बत्तीस वर्षं काढली तिथं, सुंदर गाव, पण पाणी डोंगरात नाहीतर संगम माहुलीला. रोज नदी दिसत नाही. महाबळेश्वरचं वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. तिथं होड्या भरपूर, पण त्या पर्यटकांच्या, अर्ध्या तासाच्या हिशोबानं. वाईला धोमचं पाणी आहे, घाट आहेत आणि रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. दगडी चाकांचा तो अवजड गाडा बैलांच्या जोड्याच्या जोड्या लावून ओढतात. ते दृश्य एकदा तरी बघावं. पण घरांचे भाव ऐकून मी परत एसटीत बसलो.

तापोळ्यानं मात्र मला अडवलं. कोयना आणि सोळशीचा तिथं संगम, आणि पुढं शिवसागर जलाशय पन्नासेक किलोमीटर डोंगरात हातपाय पसरून बसलेला. बामणोलीहून लाँचनं वासोट्याकडं जाताना मध्ये इंजिन बंद झालं तर नुसती शांतता. मी त्या शांततेवर कविता करायच्या तयारीत होतो. लाँच चालवणारे बाबा सत्तरीचे. मी विचारलं, ‘बाबा, किती खोल असेल हो?’ ते म्हणाले, ‘आत्ता आमच्या देवळाच्या अंगानं चाललोय आपण.’

मी गप्प बसलो. १९६० च्या दशकात कोयनेचं पाणी अडलं आणि ही गावं खाली गेली. त्यांतली माणसं सोलापूरकडं, सांगलीकडं, पार रायगड-ठाण्याकडं पाठवली. कुणी त्यांच्यासाठी रकाने पाडले नव्हते. २०१८ साली, धरण होऊन पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही, ती माणसं जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या मांडून बसली होती. आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात जे राहिले, त्यांच्यासाठी लाँच ही मौज नव्हतीच. बाळंतीण न्यायची तर लाँच, दाखला आणायचा तर लाँच. मी पाकिटावर तापोळ्यापुढं ‘होडी’ला दहापैकी दहा लिहिले होते. परतताना खोडले. किती लिहायचे ते मात्र सुचलं नाही, तो रकाना तसाच राहिला.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगमावर, यशवंतरावांच्या समाधीशी संध्याकाळी बसलं की उठवत नाही. पण दवाखाना जवळ हवा, मशीद जवळ हवी, वाचनालय हवं, आणि दूरवर विचार केला तर दफनभूमीही. त्यातलं कऱ्हाडला सगळं आहे. घर मात्र मिळेना. एका दलालानं फोनवर दोन घरं सांगितली. मी भेटून नाव सांगितलं, तर दोन्ही ‘कालच गेली’. मी मराठीत कविता लिहितो हे त्याला सांगायचं तोंडावर आलं होतं, पण त्यानं काय झालं असतं? हे कऱ्हाडचंच आहे असं नाही. ह्याचा रकाना भाच्याच्या कागदातही नव्हता, आणि तिकडं त्याला तो लागत नसेल असं मला वाटत नाही.

आता सांगली. सांगलीसाठी मी आधीपासून पक्षपाती आहे. माझं लहानपण तिथलं. पावसाळा ओसरायला लागला की कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात. लांब, अरुंद होड्या आणि एकेका होडीत दोन्हीकडं वल्ही मारणारी पोरं. सांगलीवाडी, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज, अशी गावागावांची ईर्षा. घाट भरतो, आयर्विन पूल भरतो. १९२९ साली झालेला तो दगडी पूल म्हणजे आमची गॅलरी. लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून मी ओरडलोय. वल्ही एका तालात पाण्यात पडतात तेव्हा होडी चालत नाही, उसळते. बैल जसा पहिल्या झेपेला उसळतो, तशी.

पाकिटावर सांगलीची बेरीज सगळ्यांत जास्त झाली. हरिपूरच्या बाजूला, जिथं वारणा येऊन कृष्णेला मिळते, तिथं एक घर बघायला आम्ही दोघं गेलो. पायऱ्या उतरून नदी. झाडं. मालकीण आजी एकट्या, माणसाळू. नाव ऐकून त्यांनी चहा टाकला. मी मनातल्या मनात टेबल कुठं ठेवायचं ते ठरवून मोकळा झालो होतो. तेवढ्यात बायकोनं विचारलं, ‘आजी, पाणी कुठवर आलं होतं?’

सांगलीत हा प्रश्न उद्धट नाही. कसे आहात, जेवलात का, तसा हा. आजींनी भिंतीकडं बोट केलं. ‘ही पाचची.’ माझ्या छातीएवढी रेघ. ‘ही एकोणीसची.’ ती बघायला मान वर करावी लागली. मधली एकवीसची रंगात गेली होती.

आयर्विन पुलापाशी पाणी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ साली ५३ च्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५४ च्या वर. हे आकडे सांगलीतल्या पोरासोरांना पाढ्यासारखे येतात. त्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं होती, शेकड्यांनी. २००५ च्या पाण्यानं त्यांची वाताहत केली.

माझ्या बायकोचं माहेर भिलवडीकडचं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती आईला भेटायला गेली आणि अडकली. तीन रात्री गच्चीवर काढल्या. तिसऱ्या दिवशी होडी वल्हवणाऱ्या पोरांनी दोघींना बाहेर काढलं. ज्यांच्या शर्यती मी पुलावरून बघायचो, तसलीच ती पोरं. त्याच आठ तारखेला जवळच्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर आणणारी होडी उलटली. होडीत माणसं जास्त झाली होती. तिच्या ओळखीच्यांतली काही परत आली नाहीत. त्या दिवसापासून ती होडीला ‘होडी’ म्हणत नाही, ‘ते’ म्हणते. हे मला माहीत होतं. तरी मी रकाने पाडत बसलो होतो. कवीला पाणी दिसलं की प्रतिमा दिसते, त्याचा हा परिणाम असावा.

आजींच्या घरातून निघताना ती काही बोलली नाही. एसटी स्टँडवर तिनं माझ्या खिशातून ते पाकीट काढलं, आणि पेन मागितलं. शेवटी एक रकाना पाडला. वर लिहिलं, ‘निघायचं कुठून?’ मग प्रत्येक गावापुढं तिनं स्वतः गुण घातले. सांगलीला शून्य दिलं नाही, दोन दिले. म्हणाली, ‘माणसं चांगली आहेत म्हणून.’

आम्ही मिरजेला घर घेतलं. माळावर, नदीपासून लांब, दुसरा मजला. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा चालत जाण्याइतका, आणि गल्लीत सतारीचे भोपळे उन्हात वाळत ठेवलेले दिसतात. दवाखाने तर पावलागणिक. बैल बघायचे तर मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जातो, मुक्कामाला. होड्यांच्या शर्यतीच्या दिवशी सांगलीला पुलावर जातो. पहिल्या वर्षी एकटा गेलो. गेल्या वर्षी ती आली. पुलाच्या अलीकडं, रिक्षात बसून राहिली आणि ‘कोण पुढं आहे?’ असं दोनदा विचारलं.

भाच्याला मी हे सगळं कळवलं आणि लिहिलं, तू कोडीत घर घेशील तर आधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचार, पाणी कुठवर आलं होतं. त्याचा फोन आला. ‘मामू, इथं मी कुणाला ओळखतो? कुणाला विचारू?’ आठवड्यानं पुन्हा फोन. तो तिथल्या वाचनालयात जाऊन आला होता. गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणाला. धरण १९१० सालचं. ‘आणि मामू, तळ्याच्या तळाशी एक गाव आहे. मार्केट नाव.’

‘बाजार?’

‘नाही हो, गावाचं नावच तसं. माणसं उठवून पाणी भरलं.’ थोडा वेळ तो थांबला. मग म्हणाला, ‘मी तळ्याला दहापैकी नऊ दिले होते.’

मी त्याला म्हटलं, आता किती देणार? तो म्हणाला, मामींना फोन द्या.