पीळ
(पौडला तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी काही भाषणवाला नाही. गोदीत हमाल आहे, दहावी शिकलोय, कविता लिहितो. गाव हितलंच, मुळशीतलं. धरणाचं पाणी भिऱ्याला उतरतं, त्याची वीज मुंबईला जाते. मीही तसाच गेलो.

परवा भदोहीच्या गालिच्यांचे गठ्ठे कंटेनरात रचत होतो. उत्तर प्रदेशातलं हे भदोही. तिथल्या गालिच्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. गठ्ठ्यावर चिठ्ठी होती : घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कला. पण त्या मुलखात मागावर गरिबांची बारकी पोरं बसवत. म्हणून १९९४ साली ‘रगमार्क’चा शिक्का निघाला. ह्या गालिच्याला पोराचा हात लागलेला नाही, एवढं सांगायला शिक्का! चिठ्ठीवर घराणं आलं. गाठी मारणारी बोटं आली नाहीत.

मला माझं घर आठवलं. आम्ही मांग. दोर वळायचा, केरसुण्या बांधायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. बाप घायपात कापून पाण्यात कुजवायचा. आळीभर घाण सुटायची. मग बडवून वाख काढायचा, हात खाजून लाल. आई फिरकी फिरवायची, बाप पीळ देत मागं मागं सरकायचा. कासरा, दावं, वेसण. गावचा बैल आमच्या दोरानं चालायचा. मोबदला? आज्याच्या काळी सुगीला खळ्यावर पसरलेला पदर. त्याला कोणी कला म्हटलं नाही, घराणं म्हटलं नाही. जात म्हटलं.

नायलॉन आलं, ट्रॅक्टर आला, धंदा मेला. नाव मेलं नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो हा पीळ.

आता धाकटा भाऊ बारावी झालाय. बाप म्हणतो, विश्वकर्मा योजनेत नाव घाल त्याचं. १७ सप्टेंबर २०२३ ला निघालेली ही योजना. १८ धंदे, हत्यारांना १५ हजार, ५ टक्क्यांनी ३ लाखांपर्यंत कर्ज. झाडूवाले, काथ्यावाले त्यात आहेत. वय १८ पुरं पाहिजे, धंदा परंपरेचा, कुटुंबाचा पाहिजे. म्हंजे पोरगं शिकायला बाहेर पडतं त्याच वयाला त्याला बापाच्या ओट्यावर बसवायचं.

हे नवं नाही. १९५३ साली मद्रासला राजाजींनी असंच काढलं होतं : अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा. लोक पेटले. १९५४ ला ते गुंडाळावं लागलं. त्याच तामिळनाडूनं २०२४ साली विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात नाकारली.

बाप म्हणाला, “हाताची लाज वाटती व्हय रं तुला?”

नाही बाबा. गोदीत मी मारलेली गाठ सुटत नाही, ती तुझीच शिकवण. पण हातावर जात कोणी गोंदली? बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलंय की जातीनं नुसतं काम वाटलेलं नाही, काम करणाऱ्या माणसांचेच कप्पे पाडलेत.

दोर जगवायचाय? मग वर्ग काढा. जोशांची पोरं बसवा, पाटलांची बसवा, वाख काढू द्या त्यांना. आणि आमच्या पोराला पैसा द्यायचा तर बापाचा धंदा न विचारता द्या.

भावाला विचारलं, तुला काय व्हायचंय? म्हणाला, इलेक्ट्रिशियन. आयटीआयची फी मी भरली. बाप अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

जय भीम.