फळ इथले, फोडणी आपली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील उन्हाळी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. मराठी भाषेचे भवितव्य, बृहन्महाराष्ट्राचे प्रश्न, मराठी रंगभूमीची वाटचाल या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत, आणि आमची विद्वत्ता बी. ए.च्या पलीकडे गेलेली नाही. म्हणून आम्ही विषय निवडला तो उन्हाळ्यातील ताज्या फळांच्या कोशिंबिरीचा. काही भगिनींच्या मुखावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते आहे. परंतु हा विषय दिसतो तितका हलका नाही, हे शेवटी आपणांसही पटेल अशी आशा आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निरास करतो. आमच्या घरातील तरुण पिढी फळाच्या तिखटमिठाच्या प्रकाराला 'सॅलड' म्हणते आणि ते परदेशांतून आले असे समजते. परदेशांत असे पदार्थ आहेत, यात शंका नाही. मेक्सिकोत फळांवर तिखट, मीठ आणि लिंबू घालून ती रस्त्यावर विकतात. थायलंडात कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर होते. ग्रीस देशात कलिंगडाबरोबर खारे चीज खातात. खुद्द 'सॅलड' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील मीठ हा शब्द आहे. परंतु गोव्यात व दक्षिण कोकणात पिकलेल्या आंब्याचे वा अननसाचे सासव कोणी परदेशातून आणले नाही. गूळ, खोबरे आणि वाटलेली मोहरी यांत फळ बुडवण्याची ती रीत जुनी आहे. कैरी-कांद्याचा तक्कू, केळ्याचे रायते, डाळिंबाचे दाणे घातलेली काकडीची कोशिंबीर, ही सर्व याच कुळातील. पानाच्या डाव्या बाजूस फळाला मानाची जागा आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

आता आपल्या जबलपूरकडे वळू. १७८१ साली गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ साली हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ साली इंग्रजांकडे गेला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. कोणाचे पूर्वज भोसल्यांच्या काळी आले, कोणाचे रेल्वेबरोबर, कोणाचे १९०४ साली सुरू झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याबरोबर. येताना प्रत्येकाने गोडा मसाला, पाटा-वरवंटा आणि आपापल्या घरची रीत बरोबर आणली. फळे मात्र कोणी आणली नाहीत. फळे इथली होती, आणि इथल्या फळांशी जुळवून घेणे आपल्या गृहिणींना भाग पडले.

आमच्या मातोश्री १९६० नंतरच्या दशकात वर्ध्याहून लग्न होऊन सदरमध्ये आल्या. उन्हाळ्यात नर्मदेचे पाणी ओसरले की काठच्या वाळूत वेल पसरतात आणि टरबूज, खरबूज, काकड्या बाजारात येतात. पुण्याची माणसे कलिंगड म्हणतात. वर्ध्याची आई टरबूज म्हणे आणि सदरचा फळवालाही तरबूजच म्हणे, त्यामुळे निदान त्या एका फळापुरते तिचे माहेर सुटले नव्हते. तिचे हिंदी मात्र अखेरपर्यंत तिचेच राहिले. "भैया, जरा चाखके दिखाव, मग घेऊंगी," असे ती म्हणे आणि फळवाल्याला ते उत्तम कळे.

मंडल्याकडच्या जंगलांतील चारोळी येथे सहज मिळते. आई ती श्रीखंडात घालीच, पण फळांच्या कोशिंबिरीतही भाजून घाली. शेंगदाण्याच्या कुटाऐवजी चारोळी हा तिचा स्वतःचा पाठभेद होता. मे महिन्यात बाहेर लू वाहत असे, पोळीकडे पाहवत नसे, तेव्हा त्या कोशिंबिरीवर आणि ताकभातावर आमचे घर दिवस काढी.

आई जाऊन आता चार वर्षे झाली. तिची एक वही आहे. तीत लोणच्यांची प्रमाणे आहेत, दिवाळीच्या फराळाची आहेत, कोणत्या साली किती किलो कैऱ्या घेतल्या हेही आहे. कोशिंबीर मात्र नाही. एकदा आम्ही विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, कोशिंबीर काय लिहायची? ती करायची असते."

ती गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू व्हायचे होते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा हा महिनाभराचा सोहळा; कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे हे त्याचे ठरलेले. आमच्या घरात आईची फळांची कोशिंबीरही ठरलेली. डाळ आणि पन्हे सौभाग्यवतींनी पत्करले. कोशिंबीर आम्ही करतो, असे आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने जाहीर केले. आयुष्यभर जी खाल्ली, ती आपल्याला येते, असा पुरुषांचा एक समज असतो.

आम्ही भर दुपारी फळे चिरली, मीठ घातले, मिरची घातली, शेंगदाण्याचे कूट घातले, सर्व नीट कालवले आणि पातेले झाकून ठेवून कृतकृत्य झालो. सायंकाळी पाच वाजता झाकण काढले तेव्हा पातेल्यात गुलाबी पाणी होते. त्यावर कूट तरंगत होते आणि तळाशी फळांच्या फोडी चिंध्यांसारख्या पडल्या होत्या. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, हे अधिक वाईट.

त्या वेळी या मंडळातील एक वयोवृद्ध भगिनी हळदीकुंकवास आल्या होत्या. त्या आज या सभागृहात आहेत. नाव घेऊ नका अशी त्यांची आज्ञा असल्याने घेत नाही. त्यांनी पातेल्यात पाहिले आणि विचारले, "अहो, मीठ कधी घातलंत?"

"दुपारीच," आम्ही म्हणालो.

"तुमच्या आई मीठ पानं मांडल्यावर घालायच्या. आणि शेंगदाणे नव्हे हो, चारोळी. आम्ही दोघींनी मिळून मंडळाच्या किती पंगतींना केली आहे ही कोशिंबीर!"

बंधुभगिनींनो, आम्ही त्या क्षणी स्तब्ध झालो. आमच्या आईची कोशिंबीर आमच्या घरातून गेली होती, पण मंडळात शिल्लक होती. पुढल्या रविवारी आम्ही वही आणि लेखणी घेऊन त्या माउलींकडे गेलो आणि त्यांनी सांगितलेले एकेक वाक्य उतरवून घेतले. तेच आता आपणांसमोर ठेवतो.

सहा माणसांस पुरेल असे प्रमाण सांगतो. टरबुजाच्या बिया काढलेल्या फोडी तीन वाट्या, पिकलेल्या पण घट्ट खरबुजाच्या फोडी दोन वाट्या, कोचलेली काकडी एक वाटी, कैरीचा कीस दोन मोठे चमचे, भाजलेली चारोळी दोन मोठे चमचे. दोन हिरव्या मिरच्या, पुदिन्याची दहा-बारा पाने, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाऊण चमचा मीठ. फोडणीस एक मोठा चमचा तेल, थोडी मोहरी आणि हिंग.

फळ अखंड घ्यावे, बाजारातील चिरलेले कदापि घेऊ नये. टरबूज आकाराच्या मानाने जड असावे आणि जमिनीला टेकलेल्या बाजूस त्यावर पिवळट डाग असावा. तो पांढरा असेल तर फळ वेलीवर पुरते पिकलेले नाही. खरबूज देठाजवळ हुंगून पाहावे. चिरण्यापूर्वी दोन्ही फळे बाहेरून चोळून धुवावीत. साल आपण खात नाही हे खरे, परंतु सालीवरील माती आणि जंतू सुरीबरोबर गरात जातात, आणि खरबुजाच्या जाळीदार सालीत तर ते दडूनच बसतात.

फळ अखंडच थंड करावे आणि जेवणापूर्वी अर्ध्या तासाच्या आत सुपारीएवढ्या फोडी कराव्यात. फोडी चाळणीत निथळत ठेवाव्यात. खाली जमणारा रस पन्ह्यात घालावा, वाया जात नाही. काकडी देठाकडून चाखून मगच कोचावी, कारण एक कडू काकडी सगळ्या पातेल्याचा घात करते. मिरची, पुदिना, जिरे आणि मीठ खलबत्त्यात ठेचून निराळ्या वाटीत ठेवावे. ही वाटी फळांपासून दूर असावी, हेच या पाककृतीचे मर्म.

याचे कारण शास्त्रीय आहे. टरबुजात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, काकडीत त्याहूनही जास्त. चिरलेल्या फोडीला मीठ लागले की बाहेरचे खारे पाणी फळाच्या पेशींतील पाणी ओढून घेते, पेशी मऊ पडतात आणि फोड लुळी होते. साखरही हेच करते. आईने हे शास्त्र कोठे वाचले नव्हते. तिने ते पातेल्यात पाहिले होते.

फोडणी तेलाची करावी, तुपाची नको, कारण थंड फळावर तूप थिजते आणि टाळूला चिकटते. फोडणी थोडी निवू द्यावी. पाने मांडली, वरण वाढले गेले, की फळे, काकडी आणि कैरी एकत्र करून वर फोडणी, मग वाटीतील ठेचा, कोथिंबीर आणि सर्वांत शेवटी चारोळी घालावी, म्हणजे ती कुरकुरीत राहते. दोनदा हलक्या हाताने वरखाली करावे आणि लगेच वाढावे. उरली तर रात्रीसाठी ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिरलेले फळ तासाभराहून अधिक बाहेर ठेवणे धोक्याचे आहे.

ज्यांना दह्यातले आवडते त्यांच्यासाठी त्याच भगिनींनी केळी व द्राक्षांचे रायतेही सांगितले. एक चमचा मोहरी थंड पाण्याचा हबका मारून वाटावी, फेसावी आणि पाच-दहा मिनिटे तशीच ठेवावी. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागल्यावर तो निर्माण होतो. पाणी गरम असेल तर तो उठतच नाही. झणका नाकात गेला की ती मोहरी वाटीभर घट्ट दह्यात कालवावी आणि वाढतेवेळी दोन केळ्यांच्या चकत्या, वाटीभर द्राक्षे व मीठ घालावे.

आता प्रश्न असा, की यात 'आपले' काय? हिरवी मिरची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली. ज्या शेंगदाण्याच्या कुटावाचून मराठी स्वयंपाक अडतो, तो शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतील. टरबुजाचे मूळ आफ्रिकेत. चारोळी मंडल्याच्या जंगलातील, पाणी नर्मदेचे. आपले काय, तर केव्हा काय घालायचे हे जाणणारा हात. मराठीपण परमुलखात टिकते ते असे. फळ इथले घ्यावे, ते घेताना संकोच करू नये, आणि फोडणी आपली द्यावी. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे याहून निराळे काय केले?

परंतु हा हात माणसाबरोबर जातो. मंडळाच्या कपाटात पन्नास वर्षांची इतिवृत्ते आहेत, जमाखर्च आहेत, नाटकांची छायाचित्रे आहेत. ज्या भगिनींनी पन्नास वर्षे पंगती उठवल्या, त्यांच्या हातचे एक ओळभरही तेथे लिहिलेले नाही. आम्हांस आमची कोशिंबीर परत मिळाली ती केवळ एक साक्षीदार हयात होती म्हणून. प्रत्येक घराचे नशीब असे असेलच असे नाही. आणि आपली मुले आता पुण्यात, बंगळुरात, त्याहून दूर आहेत. एके दिवशी तीही पातेल्याचे झाकण काढून पाहणार आहेत.

म्हणून आमची एकच विनंती आहे. मंडळाने एक कोरी वही ठेवावी. प्रत्येक घराने तीत एक पदार्थ लिहावा. जो इतका सोपा आहे की तो कोणी लिहीत नाही, असाच लिहावा. प्रमाण लिहावे, वेळ लिहावी, आणि तो कोणाकडून शिकलो हेही लिहावे. पहिले पान आम्ही भरून आणले आहे. त्यावर शेवटची ओळ अशी आहे : मीठ पाने मांडल्यावर.

पानांचीही वेळ झाली आहे. कोशिंबीर आज त्याच भगिनींच्या देखरेखीखाली आम्ही केली आहे आणि मिठाची वाटी अद्याप निराळी आहे. ती आता घालावयास हवी, म्हणून आपली रजा घेतो.