बीटीएसच्या आधीचा कोरिया: पुन्हा ऐकावीत अशी पाच गाणी

आजचा भाग जुन्या कोरियन गाण्यांवर. नेहमीप्रमाणे बोललेलंच थोडं नीट करून इथे लिहिलंय, म्हणजे नावं शोधायला सोपं जाईल.

के-पॉप म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? चकचकीत व्हिडिओ, सात-आठ जणांचा एकसारखा नाच आणि मागे एक मोठी कंपनी. त्यामुळे 'कोरियन गाणं म्हणजे कारखान्यातला माल' असा बऱ्याच जणांचा समज झालाय. ऑफिसात मी हेडफोन लावून बसले की कोणीतरी हे ऐकवतंच. त्यावर माझं उत्तर म्हणजे आजचा भाग. हा कारखाना उभा राहण्याआधी त्या देशात गाणं ही जोखमीची गोष्ट होती. रेकॉर्ड काढायची तर गाण्याचे शब्द आधी तपासून घ्यावे लागायचे, आणि एकदा मिळालेली परवानगी नंतर काढूनही घेतली जायची. त्या काळातली ही पाच गाणी. ती आपल्यापर्यंत पोचली कारण लोकांनी ती गात ठेवली.

पहिलं गाणं, 'आछिम इसुल', म्हणजे सकाळचं दव. साल 1971. लिहिणारा किम मिन-गी, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकणारा मुलगा. गाणारी यांग ही-उन, तीही कॉलेजातलीच. एक गिटार आणि एक स्वच्छ, सरळ आवाज, बस. गाण्यात कुठेही घोषणा नाही, सरकारचं नाव नाही. रात्रभर मनात काहीतरी घेऊन जागलेला माणूस, पहाट, दव, आणि मग तो एकटाच निघतो. एवढंच.

पण देशात राज्य होतं पार्क चुंग-ही या लष्करशहाचं, आणि विद्यार्थ्यांनी हे गाणं मोर्च्यात गायला सुरुवात केली. 1975 मध्ये त्यावर बंदी आली. त्या एका वर्षात दोनशेहून जास्त कोरियन गाण्यांवर बंदी आली होती. म्हणजे बघा, कवीने निषेधाचं गाणं लिहिलंच नव्हतं. अर्धं काम विद्यार्थ्यांनी केलं आणि उरलेलं बंदी घालणाऱ्यांनी. जून 1987 मध्ये लोकशाहीसाठी लाखो लोक रस्त्यावर आले तेव्हा तेच गाणं त्यांच्या तोंडी होतं, आणि त्याच वर्षी बंदी उठली. 2016 मध्ये सोलमध्ये मेणबत्त्या घेऊन निदर्शनं झाली, तिथे यांग ही-उन स्वतः येऊन हे गाणं गायली. पंचेचाळीस वर्षांनी, तेच गाणं.

दुसरं गाणं 'मीइन', म्हणजे सुंदरी. साल 1974, गिटारवाला शिन जुंग-ह्यन. कोरियन रॉकचा बाप म्हणतात त्याला. तो तयार झाला अमेरिकन लष्कराच्या तळांवरच्या क्लबांत, सैनिकांपुढे वाजवून. पण 'मीइन'ची सुरुवातीची गिटार ऐका. वाद्य अमेरिकन, चाल मात्र कोरियन लोकसंगीतातली वाटते. रॉक आवडत असेल तर पाचांपैकी हे आधी लावा.

राष्ट्राध्यक्षांची स्तुती करणारं गाणं लिही असं त्याला सांगण्यात आलं होतं. त्याने नकार दिला आणि देशाच्या डोंगर-नद्यांवर एक लांबलचक गाणं लिहिलं, 'आरुमदाउन गांगसान'. पुढे 1975 मध्ये त्याच्या गाण्यांवर बंदी आली, वर्षअखेरीला गांजाच्या प्रकरणात अटक झाली, आणि 1979 मध्ये पार्क यांची हत्या होईपर्यंत त्याला स्टेज मिळालं नाही. ऐन भराची वर्षं गेली. आपल्याकडेही आणीबाणीत किशोरकुमारची गाणी रेडिओवरून गायब झाली होती, त्यामुळे हे समजायला आपल्याला फार कष्ट पडू नयेत. 2009 मध्ये फेंडर कंपनीने शिनसाठी खास गिटार बनवून दिली. तेव्हा तो सत्तरीत होता.

आता राजकारण जरा बाजूला ठेवू. तिसरं गाणं 'सारांगहागी त्तेमुने', म्हणजे प्रेम करतो म्हणून. गायक यू जे-हा, अल्बमचं नावही हेच, साल 1987. हा शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत शिकलेला मुलगा. अल्बममधल्या गाण्यांचे शब्द, चाली आणि संगीत संयोजन, सगळं त्याचं स्वतःचं. आवाज तयारीचा नाही, थोडा थरथरतो. पण तुम्ही आजचे कोरियन बॅलड ऐकत असाल, त्या मालिकांमधली पावसातली गाणी, तर इथे थांबाल. कारण ती सगळी वळणं, ते हळूच बदलणारे कॉर्ड, इथे आधीच आहेत.

अल्बम आल्यावर काही महिन्यांतच, 1 नोव्हेंबर 1987 ला, यू जे-हा मोटार अपघातात गेला. वय 25. एकच अल्बम. पण 1989 पासून त्याच्या नावाने नव्या गीतकार-गायकांची स्पर्धा सुरू झाली, आणि त्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेल्यांत बांग शी-ह्योक हे नाव आहे. हो, तोच, ज्याने पुढे बीटीएस उभं केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर आजच्या कोडमध्ये एका जुन्या प्रोग्रॅमरच्या ओळी अजून चालताहेत, फक्त त्याचं नाव कोणी वाचत नाही.

चौथं गाणं 'शिदे यूगाम', साधारण अर्थ 'या काळाबद्दल खंत'. सो थेजी अँड बॉइज, साल 1995. आजच्या के-पॉपची सुरुवात बहुतेक जण याच ग्रुपच्या 1992 च्या पहिल्या अल्बमपासून मोजतात. 1995 पर्यंत लष्करशाही संपली होती, निवडणुका होत होत्या, पण शब्द आधी तपासून घ्यायचा नियम तसाच होता. मंडळाने या गाण्यातल्या शब्दांवर बोट ठेवलं. सो थेजीने शब्द बदलले नाहीत, त्याने सगळेच काढून टाकले! अल्बममध्ये नुसतं संगीत आलं. ऐकणाऱ्याला कळत होतं की इथे कोणीतरी काहीतरी म्हणणार होतं.

चाहते भडकले. पण हे भांडण त्याच्या एकट्याचं नव्हतं. जंग थे-छुन या लोकगायकाने 1990 मध्येच परवानगी न घेता अल्बम काढून हा नियम मोडला होता आणि तो वर्षानुवर्षं लढत होता. 1996 मध्ये पूर्वतपासणी रद्द झाली आणि 'शिदे यूगाम' शब्दांसकट बाहेर आलं. 2024 मध्ये एस्पा या ग्रुपने ते पुन्हा गायलं. एस्पा ऐकणाऱ्यांनो, आधी 1995 चं मुकं गाणं ऐका, मग 1996 चं, आणि मग तुमचं.

पाचवं माझं सगळ्यात जवळचं. 'सोरुन जुउमे', म्हणजे तिशीच्या आसपास. गायक किम ग्वांग-सोक, साल 1994. मी आता अठ्ठावीसची आहे. घरून लग्नाचं विचारतात, ऑफिसात पुढच्या पाच वर्षांचा प्लॅन विचारतात, आणि हे गाणं काहीच विचारत नाही. एकेक दिवस हातातून लांब जातोय, एवढंच शांतपणे म्हणतं. उपदेश नाही, 'सगळं ठीक होईल' नाही. मला त्याचा आधार वाटतो, का ते नीट सांगता येणार नाही. किम ग्वांग-सोक स्वतः जानेवारी 1996 मध्ये गेला, एकतिसाव्या वर्षी. त्याचं वय तिथेच थांबलं, गाणं मात्र दरवर्षी नव्याने तिशीत येणाऱ्यांच्या वाट्याला येतं.

आणि आता एक धागा. किम ग्वांग-सोक ज्या छोट्या थिएटरमध्ये सतत गायचा, ज्यामुळे लोक त्याला ओळखू लागले, त्याचं नाव हाकजोन. 1991 मध्ये ते सुरू केलं किम मिन-गीने. आपल्या पहिल्या गाण्याचा तो चित्रकलेचा विद्यार्थी! ज्याचं गाणं बंद केलं गेलं त्याने दुसऱ्यांना गायला जागा करून दिली. मार्च 2024 मध्ये हाकजोन बंद झालं आणि जुलैमध्ये किम मिन-गीही गेला.

आज ही पाचही गाणी फोनवर मिळतात. बंदी नाही, परवानगी नको. पण ॲप ती आपणहून लावत नाही. तुम्ही काल जे ऐकलंत त्याच्यासारखंच आज पुढे करायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. हे काम करणारी माणसं रोज बघते, म्हणून सांगते, त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. पण न मागितलेलं गाणं हळूहळू नसल्यासारखंच होतं. म्हणून मागा. नाव टाइप करा. पहिल्यांदा अर्थ न बघता ऐका, दुसऱ्यांदा भाषांतर उघडून. आणि आवडलं तर एका माणसाला पाठवा.

पाचांतलं कुठलं जवळचं वाटलं, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.