आडोसा आणि शेजार



मजुरी आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत झाडांच्या कुंपणावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वनस्पतिशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलो नाही. जे काही कळले ते वाचनालयात आणि लोकांच्या परसात. परंतु उंब्रजपासून कऱ्हाड-मलकापूरपर्यंत महामार्गाच्या अंगाने बिगरशेती प्लॉट पडले, गुंठा-दोन गुंठ्यांत घरे उठली, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक नवी भर पडली. बडतर्फी, रात्रपाळी, थकलेला पगार यांच्या जोडीला आता कुंपणावरची झाडेही आली. भांडणारे दोघेही आमचेच सभासद असतात, तेव्हा ऐकणे भाग पडते.

लोकांना हवे असते ते एवढेच: सीमेवर लावले की दोन-तीन वर्षांत उंच होईल, बारा महिने हिरवे राहील आणि शेजाऱ्याची नजर अडवील असे झाड. या मागणीला आम्ही हसत नाही. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोडीच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आडोशाची किंमत निराळी सांगावी लागत नाही. तिथे बायाबापड्यांना चार काठ्यांना लुगडे बांधून, पहाटेच्या अंधारात न्हाणे उरकावे लागते. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत आमच्या साताऱ्याकडच्या माणसांनी पिढ्या काढल्या; तिथे नवराबायकोला भांडायलासुद्धा एकांत नव्हता. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. कोपीत राहणारी बाई तो हक्क कधीपासून मागत होती. फक्त तिला तो शब्द ठाऊक नव्हता. मग आयुष्यभर राबून ज्याने स्वतःचे चार भिंतींचे घर बांधले, त्याला अंगणात कुणी टक लावून पाहू नये असे वाटले तर त्यात श्रीमंती थाट कसला?

प्रश्न आहे तो झाड कोणते आणि ते कुणाच्या उन्हात वाढणार, हा.

विलायतेत हा प्रश्न आपल्या आधी उपस्थित झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सायप्रसच्या दोन जाती आहेत. एक कॅलिफोर्नियातल्या माँटेरेची, दुसरी दूर उत्तरेकडे अलास्कापर्यंत पसरलेली. निसर्गात त्यांची गाठ पडलीच नसती. पण वेल्समधल्या लेटन हॉल नावाच्या इस्टेटीत हौसेने दोन्ही जाती लावलेल्या होत्या, आणि 1888 साली तिथे त्यांचा संकर झाला. त्याला लेलँड सायप्रस म्हणतात. हे झाड वर्षाला तीन फूट सहज वाढते आणि छाटले नाही तर शंभर फुटांवर जाते. घराघराच्या सीमेवर लोकांनी त्याच्या रांगा लावल्या. काही वर्षांत शेजाऱ्यांच्या खिडक्यांत भरदिवसा अंधार झाला, भांडणे कोर्टात गेली, आणि शेवटी 2003 साली पार्लमेंटला कायदा करावा लागला. दोन मीटरांपेक्षा उंच सदाहरित झाडांच्या रांगेविरुद्ध त्यामुळे नगरपालिकेकडे तक्रार करता येते. मात्र आधी शेजाऱ्याशी बोलून मिटवण्याचा प्रयत्न केलेला असला पाहिजे. कायद्यातली ही अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

त्या सायप्रसची छायाचित्रे पाहून आपल्याकडेही लोक रोपवाटिकेत तशी रोपे मागतात. ती थंड हवेची झाडे आहेत. महाराष्ट्राच्या रानात सूचिपर्णी वृक्षाची मूळची जात एकही नाही. सह्याद्रीच्या रांगेत पार दक्षिणेला, निलगिरी-अण्णामलईकडे, एक आढळते. कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात चिकटते आणि वैशाखात भेगाळते. तिथे कुंडीतून आणलेला सायप्रस आतून तांबडा पडत जातो. या जातीची आणखी एक खोड आहे. हिरवा भाग सोडून जुन्या लाकडापर्यंत छाटले, तर तिथे पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणजे एकदा हात चुकला की भगदाड कायमचे. मुले जिची पाने विद्या म्हणून पुस्तकात ठेवतात ती मोरपंखी याच कुळातली. ती आपल्याकडे तग धरते, पण सावकाश वाढते.

मग सुरू येतो. पुष्कळ लोक त्याला सूचिपर्णी समजतात, आणि दिसतोही तसाच. पण त्याची 'सुई' हातात घेऊन ओढून पाहा: ती पेरापेरांवर सुटते. ती बारीक डहाळी आहे. खरी पाने त्या पेरांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. हे सपुष्प कुळातले झाड आहे, मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते, भराभर वाढते, आणि लहानपणापासून कातरत राहिल्यास दाट भिंत होते. त्याची आवड मात्र वाळूची, म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर ते जितके रमते तितके आपल्या चिकणवट मातीत रमत नाही. अलीकडे कोनोकार्पस नावाच्या झाडाचीही लाट आली आहे. तेही भराभर वाढणारे आणि सदा हिरवे. त्याचे परागकण श्वासाला अपाय करतात आणि मुळे गटारांत, नळांत शिरतात अशी कारणे देऊन गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीला बंदी केली.

आता उन्हाचा हिशेब. हा आम्ही कागदावर मांडून पाहिला, आणि भांडणाचे मूळ त्यातच सापडले. मे महिन्यात उंब्रजला सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा झाडाची सावली बुंध्यातच राहते. म्हणून उन्हाळ्यात झाडे लावणाऱ्याला आपण कुणाचे काही घेतो आहोत असे वाटतच नाही. परंतु डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेला कलतो. त्या दिवसांत वीस फूट उंच रांगेची सावली भर दुपारी उत्तरेकडे सतरा फूट पडते, आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास पस्तीस फूट लांब होते. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. दक्षिणेकडच्या माणसाने उत्तरेच्या सीमेवर रांग लावली, तर थंडीच्या दिवसांत उत्तरेकडच्या शेजाऱ्याचा निम्मा गुंठा दुपारीसुद्धा सावलीत जातो. त्याचे वाळवण गेले, म्हाताऱ्याचे उन्हात बसणे गेले, तळमजल्याच्या छपरावर पाण्याचा सौरबंब असेल तर तोही गेला. सातबारा त्याच्या नावावर, आणि ऊन गेले!

कायदा इथे किती उपयोगी पडतो? 1882 चा सुखाधिकार कायदा 1891 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या 18 व्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे: एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याचे खासगीपण भंगेल अशी नवी खिडकी कुणाला पाडता येत नाही. मात्र रूढी सिद्ध करावी लागते, आणि काल पडलेल्या प्लॉटांवर कसली रूढी दाखवणार? उजेडाचा हक्कही आहे, पण तो वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळतो, आणि तोही इमारतीला येणाऱ्या उजेडापुरता. अंगणातल्या उन्हाला तो लागत नाही. सुरू तर पाच वर्षांत छपराच्या वर जातो. वकील सभागृहात असतील तर त्यांनी रागावू नये, परंतु या भांडणात कोर्टाची पायरी चढून गरिबाच्या हाती काही लागेल असे आम्हांला दिसत नाही.

आमच्यापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. नावे सांगत नाही. उत्तरेकडच्याने वरचा मजला चढवला आणि दक्षिणेला गॅलरी काढली. ती नेमकी शेजाऱ्याच्या न्हाणीवर उघडत होती. दक्षिणेकडच्याच्या घरात दोन वयात आलेल्या मुली. त्याने विचारपूस न करता सुरूची अकरा रोपे ओळीने लावली. चार वर्षांनी पहिल्याच्या अंगणात ऊन येईना. दोघेही खरे बोलत होते, आणि दोघांनाही दुसरा खोटा वाटत होता. तीन बैठका झाल्या. अखेर गॅलरीला खालून चार फूट जाळी बसली. सुरूचे एकाआड एक झाड काढले, आणि उरलेली हिरव्या भागात कातरून खाली आणली. ते दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पण पोरी निर्धास्त आहेत आणि पलीकडे कुरडया वाळतात.

त्यानंतर आम्ही विचारणाऱ्यांना अडुळसा सुचवतो. छाटाच्या काडीवर लागतो, बारमाही हिरवा राहतो, शेळी तोंड लावत नाही, आणि पुरुषभर उंचीवर ठेवायला फारसा त्रास देत नाही. ज्याला फुले हवीत त्याने कुंती लावावी, ज्याला काटे हवेत त्याने करवंद. जुन्या पद्धतीचा शेर मात्र मुले खेळतात तिथे नको. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांवर बेतते. रोप सीमारेषेवर न लावता तीन फूट आत लावावे, म्हणजे पलीकडची बाजू कातरायला शेजाऱ्याच्या अंगणात शिरावे लागत नाही. आणि खड्डा खणण्याआधी दोघांनी एका साध्या कागदावर सही करावी: झाड कोणते, उंची किती, कातरणी वर्षातून किती वेळा, आणि कातरणाऱ्या माणसाची मजुरी कोण देणार. हे शेवटचे कलम लोक हमखास विसरतात, आणि मग तो बिचारा दोन दारांमध्ये हेलपाटे घालत राहतो.