आधी कान, मग पडदा



आपल्या घरांतल्या आज्यांनी म्हटलेले पाळणे आणि आरत्या आम्ही मोबाईलवर ध्वनिमुद्रित करतो आणि मग संगणकावर त्यांचा मेळ बसवतो. आवाज, पेटी आणि टाळ यांचा तोल कानाने साधायचा की पडद्यावरचे आलेख पाहून, यावर आमच्यात दर वेळी वाद होतो.

पडद्याचा उपयोग आहेच. विजेची ५० हर्ट्झची घुमघुम मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर बहुधा ऐकूच येत नाही. आलेखावर ती दिसते. आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटला, तर तेही कळते. पण आरतीचे शब्द टाळांखाली बुडाले की नाही, हे कोणताही आलेख सांगत नाही. खरखर काढणारे साधन तर एकसुरी चालणारा तंबोराही खरखर समजून पुसू शकते. ओळीआधी आजी घेते तो श्वासही त्यात जातो.

आपल्याच भागातल्या गदगचे पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई, दोघेही दृष्टिहीन. पंडित बसवराज राजगुरूंसारखा गायक पंचाक्षरी गवयांच्याच तालमीत घडला. कानाची ताकद आणखी कोणी सांगायला हवी?

म्हणून आम्ही क्रम ठरवला आहे: आधी डोळे मिटून ऐकायचे, मग आलेख तपासायचा, शेवटी घरच्यांना ऐकवायचे. कलघटगीचा रंगीत पाळणा एका पिढीकडून दुसरीकडे जातो. त्यातल्या बाळाला पणजीचा आवाजही तसाच मिळावा, यासाठी ही खटपट.

गणपती बाप्पा मोरया!